उपकरण (सजीव), एक नग

मूल जन्माला येताना आईला जातीने हजर राहावे लागते, ही निसर्गाच्या कारभारातली फार जुनी त्रुटी आहे. तिच्यावर अजून कोणाला उपाय सापडलेला नाही. मात्र जन्माच्या पुढच्या क्षणापासून कारभार माणसांच्या हाती येतो आणि ही त्रुटी बरीचशी दुरुस्त करता येते. ज्या रुग्णालयाची ही हकिगत आहे, तिथे ती साधारण चार मिनिटांत दुरुस्त होत असे. (विक्रम अडीच मिनिटांचा आहे. त्या दिवशी लिफ्ट योगायोगाने त्याच मजल्यावर उभी होती.)

चौथ्या मजल्यावर वेळेआधी आलेल्या बाळांचा अतिदक्षता विभाग होता. आत काचेच्या बारा पेट्या आणि बाराही भरलेल्या. दाराबाहेर एक लांब बाक आणि त्यावर बारा आया. मध्ये जाड दार, दाराला बशीएवढी गोल काच. विभाग अत्यंत स्वच्छ, शिस्तीचा आणि शांत होता, आणि या तिन्ही गोष्टींचे श्रेय त्या दाराला जात असे.

नियम साधा होता. आई ही भेटायला येणाऱ्या मंडळींत मोडत असे आणि भेटायची वेळ चार ते चार वीस होती. त्यातली दोन मिनिटे चपला काढण्यात जात, चार गाऊन आणि टोपी घालण्यात, तीन हात धुण्यात, पुन्हा तीन परत हात धुण्यात (पहिल्या खेपेला नळाला हात लागला म्हणून) आणि दोन वहीत नाव लिहिण्यात. उरलेल्या सहा मिनिटांवर पालकांचा संपूर्ण हक्क होता. आईबापांनी एकाच वेळी आत गर्दी करू नये म्हणून सम तारखा आईला आणि विषम तारखा बापाला दिल्या होत्या. एकतीस तारखेनंतर लगेच एक तारीख येत असल्याने बापांना सलग दोन दिवस मिळतात, अशी आयांची एक तक्रार विचाराधीन होती.

रुग्णालयाला आईबाप आणि बाळ यांच्या सहवासाचे महत्त्व ठाऊक नव्हते असे मात्र कोणी समजू नये. त्यासाठी 'सान्निध्य समिती' नावाची एक समिती शेजारच्या इमारतीत बसत असे. तिने विभागाच्या आत एक मोठे चित्र लावून घेतले होते. चित्रात एक हसरी आई बाळाला छातीशी धरून बसलेली होती. ही आई चोवीस तास आत असे आणि तिच्याबद्दल कोणाची काही हरकत नव्हती.

सातव्या पेटीतली मुलगी दहा आठवडे आधी आली होती. वजन एक हजार एकशे ऐंशी ग्रॅम. तिची आई एका कार्यालयात आवक-जावक कारकून होती. आलेल्या प्रत्येक कागदावर क्रमांक टाकायचा, वहीत नोंद करायची आणि तो पुढे पाठवायचा, हे काम तिने अकरा वर्षे केले होते. न वाचता एकही कागद तिने पुढे सरकवला नव्हता, त्यामुळे तिच्या टेबलापुढे नेहमी रांग असे. क्रमांक नसलेल्या गोष्टीला या जगात जागा नाही, हे ती नव्या शिपायांनाही समजावून सांगे. बाकावर बसल्यावर आपल्यालाच क्रमांक नाही, हे तिला दुसऱ्या दिवशी कळले.

इतकी लहान मुले मधूनच श्वास घ्यायला विसरतात. मग मॉनिटरची घंटा वाजते, सिस्टर येते, तळपायाला टिचकी मारते आणि मुलाला आठवते. सातव्या पेटीतली मुलगी दिवसातून नऊ वेळा विसरत असे. घंटा बाहेर ऐकू येई, पण कोणत्या पेटीची ते कळत नसे, त्यामुळे प्रत्येक घंटेला बाराही आया उठून उभ्या राहत आणि काही वेळाने पुन्हा बसत. बाळंत बाईने थोडी हालचाल ठेवावी असे शास्त्र सांगतेच, आणि इथे ती आपोआप होत असे.

आईला काय वाटत होते ते सरळच सांगितलेले बरे. तिला भीती वाटत होती की एखाद्या वेळी मुलगी विसरेल, कोणी टिचकी मारायला नसेल आणि आपण बाकावर बसून असू. बाकी सगळे तिला सोसवत होते.

सहाव्या दिवशी, म्हणजे विषम तारखेला, ती गोल काचेतून आत बघत होती. सातव्या पेटीपाशी एक मेस्त्री स्टूल टाकून बसला होता. तो मॉनिटर दुरुस्त करायला आला होता. तो तिथे सव्वातीन तास बसला. त्याने एकदा मुलीकडे बघून जिभेने टक् टक् आवाजही केला.

आईने मोठ्या सिस्टरना विचारले, की तो माणूस एवढा वेळ कसा बसतो. मोठ्या सिस्टर वाईट नव्हत्या. सव्वीस वर्षांत त्यांनी इतक्या टिचक्या मारल्या होत्या की त्यांचा उजव्या हाताचा अंगठा दुखत असे.

"तो भेटायला आलेला नाही, बाई," त्या म्हणाल्या. "तो कामाला आलाय."

आईने नंतर बाकावर बसून कागदावर यादी केली. विभागात वेळेचे बंधन नसलेल्यांत फरशी पुसणाऱ्या मावशी होत्या, वातानुकूलन यंत्राचा माणूस होता, पेट्यांची मोजदाद करणारा भांडारपाल होता, आणि एकदा पाहणीला आलेल्या एका मोठ्या अधिकाऱ्याचा मेहुणाही होता. शिवाय सगळी उपकरणे होती. ती तर रात्रीसुद्धा बाहेर जात नसत.

त्याच आठवड्यात विभागात एक तरुण डॉक्टरीण नवी आली. तिला अजून कामाची पद्धत माहीत नव्हती. तिने केसपेपरवर लिहिले: 'बाळ वरचेवर श्वास विसरते. रोज किमान सहा तास आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवावे.' हा उपचार जगभर चांगला मानतात, असेही तिने खाली लिहिले आणि सही केली.

कागद कार्यालयात गेला. कार्यालयाने तो आदराने वाचला. उपचाराला कोणाचाच विरोध नव्हता. अडचण एवढीच होती की ज्या साधनाने उपचार करायचा, ते साधन भांडारात नव्हते. औषध असते तर मागवता आले असते, यंत्र असते तर त्याचा प्रस्ताव करता आला असता. आई ही वस्तू कोणत्या सदरात घ्यायची यावर तीन टेबलांवर तीन दिवस विचार झाला आणि 'कृपया चर्चा करावी' असा शेरा मारून कागद परत फिरला. या तीन दिवसांत मुलगी एकोणतीस वेळा विसरली.

चौथ्या दिवशी आई स्वतः त्याच मजल्यावरच्या भांडारपालाच्या खोलीत गेली. भांडारपाल अत्यंत सचोटीचा माणूस होता. एकोणीस वर्षांत त्याच्या ताब्यातला एक चमचाही हरवला नव्हता. आईने त्याला नमस्कार केला आणि एका कारकुनाने दुसऱ्याशी बोलावे तसे ती बोलली.

"साहेब, मला जडवस्तूंच्या नोंदवहीत घ्या. देणगी म्हणून."

भांडारपालाने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. इतक्या वर्षांत कोणी त्याच्याकडे इतकी नियमात बसणारी मागणी घेऊन आले नव्हते. देणगी म्हणून आलेल्या वस्तूला खरेदीचा प्रस्ताव लागत नाही. फक्त देणारा आणि दिलेली वस्तू एकच असू नये, असा संकेत आहे. म्हणून मुलीच्या वडिलांना बोलावून घेतले. वडील छापखान्यात कटिंग मशीनवर होते. कागद सरळ कापणे हा त्यांचा धर्म आणि बाकीच्या बाबतीत त्यांचा बायकोवर विश्वास. 'सदर वस्तू मी राजीखुशीने रुग्णालयास देत असून तिच्यावर यापुढे माझा कोणताही हक्क राहणार नाही,' या मजकुराखाली त्यांनी सही केली. बायकोने तो मजकूर दोनदा वाचला होता आणि तरी मान हलवली होती. त्या वेळी घंटा वाजत होती.

नोंदवहीच्या अठ्ठ्याऐंशी क्रमांकाच्या पानावर नोंद झाली ती अशी. वस्तूचे नाव: उष्णतादायी उपकरण (सजीव). संख्या: एक नग. स्थिती: वापरलेले, पण चालू. इंधन: दोन वेळचे जेवण आणि चहा. दोष असल्यास: अधूनमधून डोळ्यांतून पाणी येते, वापरावर परिणाम नाही. मग भांडारपाल कपाटातून पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश घेऊन आला. प्रत्येक वस्तूवर न पुसला जाईल असा क्रमांक टाकण्याची पद्धत होती, आणि तो टाकायचा तर दर्शनी भागावर. बऱ्याच वाटाघाटींनंतर क्रमांकाचा पत्र्याचा बिल्ला गळ्यात घालण्यावर तडजोड झाली. या तडजोडीचे भांडारपालाला शेवटपर्यंत वाईट वाटत राहिले.

त्या दिवशी सकाळी दहा वाजता उपकरण आत नेऊन सातव्या पेटीशेजारच्या खुर्चीवर बसवण्यात आले. सिस्टरने मुलीला नळ्यांसकट उचलले आणि उघड्या छातीवर ठेवले, वरून दुलई घातली. मुलगी जरा चुळबुळली, मग कान टेकून गप्प राहिली. सहा तास सातव्या पेटीची घंटा वाजली नाही. बाहेर अकरा जणींना नेहमीपेक्षा कमी वेळा उठावे लागले. (त्यामुळे त्यांची हालचाल कमी पडल्याची नोंद आहे.) उपकरणाच्या डोळ्यांतून या काळात चार वेळा पाणी आले. तरुण डॉक्टरीण दोन वेळा येऊन बघून गेली.

पुढच्या आठवड्यात दिवसाला नऊचे तीन झाले, तीनचा एक झाला. वजन रोज वीस-पंचवीस ग्रॅमने चढू लागले. उपकरणाला आंघोळीला, जेवायला जावे लागते हे लक्षात आल्यावर वडिलांचीही 'पर्यायी संच' म्हणून उसनवारीच्या सदरात, रोज परत करण्याच्या अटीवर, नोंद झाली. त्यांच्या छातीवर केस असल्याने संसर्ग समितीने आधी शंका घेतली, मग एक सभा घेतली, मग केस धुऊन यावेत असे ठरवले. ते रोज कामावरून येऊन हात कोपरापर्यंत घासत, शर्ट काढून खुर्चीत बसत आणि मुलगी छातीवर ठेवली की तासभर पापणीही हलवत नसत. एवढी हलकी वस्तू त्यांनी आयुष्यात हाताळली नव्हती. त्यांना रडू येई, ते आपण घामच पुसतो आहोत असे दाखवत.

इथे एक आक्षेप निघाला. पर्यायी संच चालू असतो तेव्हा मूळ उपकरण रिकामे असते. सरकारी काय, खाजगी काय, कोणत्याही तपासणीत वस्तू रिकामी पडून राहणे हा मोठा दोष. म्हणून आदेश निघाला की त्या तासात उपकरण चौथ्या पेटीला द्यावे.

चौथ्या पेटीतल्या मुलाची आई बाकावर होती. ती शिवणकाम करी, आणि बाकावर बसूनही तिची बोटे न दिसणारा कपडा मुडपत असत. नव्या आदेशाप्रमाणे तिचा मुलगा कारकून बाईच्या छातीवर ठेवला गेला आणि ती गोल काचेतून बघत उभी राहिली. तासाभरात त्याची घंटा दोनदा वाजली. तास संपल्यावर कारकून बाई बाहेर आली आणि तिच्याशेजारी बसली. मुलाचं वजन वाढतंय, झोपेत डावी मूठ उघडतो, असे तिने सांगितले.

"वास कसा येतो त्याला?" शिवणकाम करणारीने विचारले.

"दुधाचा. आणि थोडा स्पिरिटचा."

शिवणकाम करणारीची बोटे पुन्हा न दिसणारा कपडा मुडपू लागली. कारकून बाईला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. ती उठून तडक भांडारपालाकडे गेली आणि म्हणाली, की बाकावरच्या अकराही जणी देणगी म्हणून घ्या. भांडारपालाने नोंदवही उघडून दाखवली. अशा उपकरणांची मंजूर संख्या एक होती. ती वाढवायची तर आधीचे उपकरण अपुरे पडते हे सिद्ध व्हायला हवे होते, आणि त्यासाठी ते एका तासात किती पेट्यांना पुरते याची चाचणी घ्यावी लागली असती. तिला हवी असेल तर आपण चाचणी लावू, असे तो मनापासून म्हणाला. तिने नको म्हटले.

एकेचाळिसाव्या दिवशी मुलीचे वजन दोन हजार दहा ग्रॅम भरले. पाच दिवस तिची घंटा वाजली नव्हती. तरुण डॉक्टरणीने घरी सोडण्याचा कागद केला. वडील रजा काढून आले. धुतलेली दुपटी, टोपडे, सगळे पिशवीत होते. दारात भांडारपाल उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच वाईट वाटत असल्याचे दिसत होते.

"बाळाला सुट्टी आहे," तो म्हणाला. "उपकरणाला नाही."

त्याचे म्हणणे खोडून काढण्यासारखे नव्हते. वस्तू रुग्णालयाची होती. देणाऱ्याने तिच्यावरचा हक्क लिहून सोडला होता. गेटपासशिवाय ती फाटकाबाहेर गेली तर हरवली असे धरून पोलिसांत कळवावे लागले असते, आणि एकोणीस वर्षांत त्याच्या ताब्यातले काही हरवले नव्हते. बाळाला मात्र एक तासाच्या आत पेटी रिकामी करून देणे भाग होते, कारण खाली तेरावे बाळ थांबले होते. मुलीने बापाबरोबर घरी जावे आणि आईला भेटायला रोज चार ते चार वीस या वेळेत यावे, असा एक मार्ग कार्यालयाने सुचवला. सम तारखांचा नियम तिला लावू नये, अशी शिफारसही केली.

आईला अकरा वर्षांची सवय कामी आली. नोंदवहीतली वस्तू बाहेर काढायची एक रीत असते, तिला निर्लेखन म्हणतात. वस्तू निरुपयोगी झाली असे समितीने लिहून दिले की ती नोंदीतून कमी होते. तिने तिथेच, भिंतीवर कागद धरून, स्वतःच्या निर्लेखनाचा अर्ज लिहिला. अर्जात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

समिती अर्ध्या तासात बसली, हे तिच्या इतिहासात पहिल्यांदाच घडले. भांडारपाल, मोठ्या सिस्टर आणि तंत्रज्ञ म्हणून तो मॉनिटरवाला मेस्त्री असे तिघे होते. तरुण डॉक्टरणीने उपकरणाची अवस्था लिहून दिली होती: एकेचाळीस दिवसांत सलग तीन तास झोप नाही, पाठ धरलेली, कोणतीही घंटा वाजली की दचकणे. समितीने ती वाचली आणि हे सगळे गुण उपकरण सतत चालू असल्याचा पुरावा आहेत, असे तिला दिसून आले. मेस्त्रीने तापमान घेतले. छत्तीस पूर्णांक आठ. आपल्या बारातली एकही पेटी तापमान इतके नीट धरत नाही, असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले, आणि अशी वस्तू मोडीत काढणे म्हणजे पाप आहे म्हणाला. आईला त्या क्षणी त्या माणसाचा गळा दाबावासा वाटला.

मग मोठ्या सिस्टरनी चौथ्या पेटीचा तक्ता पुढे सरकवला. त्या अंगठा चोळत होत्या आणि कोणाकडे बघत नव्हत्या. "एका तासात दोन घंटा," त्या म्हणाल्या. "हे उपकरण फक्त सातला चालतं. बाकीच्यांना नाही."

मुद्दा बिनतोड होता. जे उपकरण एकाच बाळाला उपयोगी पडते, ते सार्वजनिक वापराला अयोग्य, हे उघड आहे. ठराव झाला. उपकरण निरुपयोगी ठरवून नोंदीतून कमी करावे आणि 'जसे आहे तसे' मूळ देणाऱ्याच्या हवाली करावे. पर्यायी संचालाही तोच न्याय लागला. शेवटी समितीने पुढच्या धोरणाबद्दल एक ओळ लिहिली: प्रत्येक बाळाला वेगळे उपकरण लागत असल्याने ही पद्धत व्यवहार्य नाही, सबब यापुढे अशी नोंद घेऊ नये. भांडारपालाने पान अठ्ठ्याऐंशीवर तिरकी लाल रेघ मारली. शिवणकाम करणारी बाकावर थोडी सरकली, तेराव्या बाळाच्या आईला जागा करून द्यायला.

तळमजल्यावर शेवटची एक खिडकी होती. बाळ घरी नेताना तिथे तीन कागदांवर सही करावी लागे. खिडकीतल्या माणसाने सवयीने बोट ठेवले: इथे, इथे आणि इथे. आईच्या डाव्या हातावर मुलगी होती, टोपड्यातून तिचा श्वास आत-बाहेर होताना दिसत होता. नवरा दारात गाडीवाल्याला थांबवून उभा होता. तिने तीन ठिकाणी सह्या केल्या आणि ती उन्हात बाहेर पडली. तिच्यासारखी सुखी बाई त्या दिवशी त्या रस्त्यावर दुसरी नव्हती.

तिसरा कागद अभिप्रायाचा होता. त्यावर छापलेले होते: 'पालकांना विभागाबाहेर बसवण्याची व्यवस्था आम्हांस सोयीची वाटली. ती याच स्वरूपात पुढे चालू ठेवावी.' आजवर चार हजार तीनशे सोळा पालकांनी तिथे सही केली आहे आणि एकानेही हरकत घेतलेली नाही. दरवर्षी सान्निध्य समिती हे कागद मोजते आणि नियम आणखी एका वर्षासाठी कायम करते. आईबापांचीच तशी इच्छा असल्यावर समितीचा नाइलाज होतो.

आता तिने न वाचता सही केली म्हणून तुम्ही हळहळला असाल, तर ते तुमच्या चांगुलपणाला शोभून दिसते. तुमच्याही घरचे कोणी ना कोणी रुग्णालयातून सुटून आलेलेच आहे. तिथेही खिडकी होती, कागदावर ठेवलेले बोट होते आणि बाहेर गाडी थांबलेली होती. तुमची सही आम्ही पाहिली आहे. अक्षर चांगले आहे.